सुभेदारांची दुपारची झोप

आमच्या परसातल्या भोपळ्याला मूल होत नव्हतं आणि गावाच्या मते त्याला जबाबदार मी होते.

हसू नका. आमच्याकडे लाल भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. बाई त्याच्यावर पहिली सुरी चालवत नाही; पुरुषमाणसानं आधी एक घाव घालायचा, मग बायकांनी फोडी करायच्या. अशा मानाच्या भोपळ्याचा वेल आमच्या गोठ्याच्या छपरावर चढून बसला होता. रोज सकाळी ही एवढाली पिवळी फुलं काढत होता, आणि फळ? नाव नको! फुलाखालची इवलीशी गाठ चार दिवसांत पिवळी पडायची आणि गळून जायची. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. नवरा फौजेत, वर्षातून एकदा रजेवर यायचा आणि त्यातले निम्मे दिवस पाहुण्यारावळ्यांत जायचे. तरी शेजारची हौसाबाई आधी वेलाकडे बघायची, मग माझ्या पोटाकडे बघायची आणि नुसतंच "हं" म्हणायची. त्या "हं"नं माझं डोकं असं फिरायचं म्हणून सांगू!

मी साताऱ्यात वाढलेली, बी.एस्सी. झालेली, विषय वनस्पतिशास्त्र. रहिमतपूरकडच्या एका लहानशा गावात दिलेली, आणि शेजारच्या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारी. बहात्तरचा दुष्काळ सरून दुसरं वर्ष चाललं होतं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांचं निदान तयार होतं.

"विमल, तुझ्या हाताला ऊन लागलंय. बाईमानसानं भर उन्हाचं कोसभर चालायचं म्हंजी अंगात उष्णता भरती. ती वेलाला बाधती, आन्..." पुढचं त्या गिळायच्या.

"आत्याबाई, भोपळ्याला नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मधमाशी एकावरून दुसऱ्यावर गेली तरच फळ धरतं. दुष्काळात माळावर फूल राहिलं नाही, म्हणून माश्या गेल्या. आहे काय त्यात!"

"म्हंजी माशीबिगार पोर हुत न्हाई?"

"भोपळ्याला नाही होत."

"मग तुझं काय?"

(याला शास्त्रात उत्तर नव्हतं. उत्तर दूर सरहद्दीवर बंदूक घेऊन उभं होतं.)

आता तुम्ही म्हणाल, बाई वनस्पतिशास्त्र शिकलेली, तर माशीचं काम हातानं का केलं नाही? केलं ना! एका सकाळी उजाडता उजाडता मी गोठ्याला शिडी लावली, नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि मादी फुलाच्या तोंडात अलगद फिरवायला लागले. खालून हौसाबाईनं बघितलं. तिचा तांब्याच पडला.

"आक्के! आगं ए आक्के! तुझी सून फुलाला फूल घासतीया बग!"

दुपारपर्यंत गावात झालं होतं की मास्तरीणबाई पहाटे शिडीवर चढून वेलावर करणी करतात, म्हणूनच फळ धरत नाही. आत्याबाईंनी शिडी आत नेऊन ठेवली आणि मला समोर बसवलं.

"आता नीट आईक. वेलाला हात लावायचा न्हाई. दसऱ्यापतूर फळ धरलं तर तुझी शाळा चालू. न्हाई धरलं, तर राजीनामा द्यायचा आन् घरात बसायचं. माज्या लेकाला मी पत्र धाडते."

शाळा म्हणजे माझा जीव होता! तिथं मला कोणी 'अमक्याची सून' म्हणत नव्हतं. चाळीस मुलं उभी राहून "नमस्ते बाई" म्हणायची, त्या एका हाकेवर मी दिवसभराचे "हं" विसरायचे. नवऱ्याचं उत्तर आलं ते असं : "आईच्या मनाप्रमाणे घे. रजा मंजूर होईपर्यंत भोपळ्यावर भागव." फौजी माणसं विनोद करतात ते असे.

मी ठरवलं, वेलाला हात लावायचा नाही ना, ठीक आहे. माश्यांनाच आमंत्रण देते.

पण माश्यांना फुलं पाहिजेत आणि फुलांना पाणी पाहिजे. पाण्याचं म्हणाल, तर विहिरीच्या तळाशी दोरभर खाली थोडं चमकायचं. आत्याबाईंनी आधीच बजावलं, "घागर मानसाला, घागर जनावराला. फुलाबिलाला थेंब न्हाई." तेव्हा मला पाण्याशिवाय जगणारी, माळावरची दांडगी फुलं हवी होती. मी शाळेतून येताना वाटेकडेचं बी पदरात गोळा करायला लागले. तरवडाच्या शेंगा, कुर्डूचे वाळके तुरे, रानतुळशीच्या मंजिऱ्या, काटेकोरांटी, दगडी पाला. जोडीला पसाभर कारळं. लोक पाऊस आला की तण उपटतात. मी पदर भरून तण घरी आणत होते.

"कुठं लावणार ह्ये?" आत्याबाईंनी विचारलं.

"तुम्ही द्याल तिथं."

त्यांनी विचार केला आणि गोठ्यामागच्या निवडुंगाच्या कुंपणापलीकडे बोट केलं. तिकडे आमची चार गुंठे पड जमीन होती, आणि तिच्या मधोमध नवऱ्याच्या आजोबांची समाधी.

हे आजोबा म्हणजे सुभेदार. पहिल्या लढाईला जाऊन आलेले. समाधी म्हणजे दगडी चौथरा, वर पादुका कोरलेल्या. हयातीत त्यांचा एकच नियम होता : दुपारी बारा ते दोन झोप. कोणी झोपमोड केली तर उठून थोबाडीत द्यायचे. एकदा हंबरला म्हणून बैलाच्यासुद्धा दिली होती म्हणे. गेल्यानंतरही नियम चालू होता. बाराच्या ठोक्याला त्या पडीतून कुणी जात नसे. गुरं वळसा घालायची. मी म्हणायचे गुरांना तिथं चारा नसतो. आत्याबाई म्हणायच्या गुरांना अक्कल असते.

"काय बी लाव," त्या म्हणाल्या, "पर दुपारी बाराला पाय टाकायचा न्हाई. सुभेदार निजत्यात."

मृगाचा पाऊस त्या वर्षी आला तो दारातून डोकावून गेला. लोकांची बाजरी माना टाकून उभी होती. आणि माझं रान? थेंबभर पाणी न घालता कंबरेला लागलं! तरवड पिवळाधमक, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, कोरांटी काट्यांसकट फुललेली. मला वाटलं, गाव कौतुक करेल. गाव निवडुंगाआडून बघायचं आणि गप्प निघून जायचं. शेवटी हौसाबाईनं विचारलंच.

"बाय, पानी कोन घालतंय गं?"

"कोणीच नाही. या झाडांना लागत नाही."

"वरनं कुनी घालत न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली, "मग खालनं कोन घालतंय?"

मी हसले. खरं सांगते, त्या दिवशी मी हसले.

माश्या काही दिसेनात. मी बघायला जायचे ती उजाडायच्या आत, नाहीतर शाळेतून आल्यावर दिवेलागणीला. कारण रविवारी आत्याबाई मला शेतातून हलू द्यायच्या नाहीत. मला दिसायचे ते मुंगळे आणि नाकतोडे. मग मी आणखी एक शहाणपणा केला. कुंभाराकडून परळ, म्हणजे मातीच्या पसरट थाळ्या, आणले, चौथऱ्याभोवती गोल मांडले, प्रत्येकात चार खडे टाकले (माशी बुडू नये म्हणून!) आणि वर चमचाभर गुळाचं पाणी घातलं. वाफ्यांच्या कडेचे दगड चुन्यानं पांढरे केले. शाळेच्या बागेत करतात तसे. नेटकं दिसावं, एवढाच हेतू.

समाधीभोवती परळ, परळात गूळपाणी आणि पांढऱ्या दगडांचं रिंगण. हे गावाच्या नजरेनं बघायचं मला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे परळ कोरडे होते. तिसऱ्या दिवशी एका दगडाला शेंदूर लागलेला होता. अमावास्येनंतर बघते तर परळाशेजारी दहीभात, टाचण्या टोचलेलं लिंबू आणि फुटक्या काळ्या बांगड्या! कोणीतरी आपल्या घरचा उतारा माझ्या बागेत आणून टाकला होता. मी काठीनं तो बाजूला सारला, "अंधश्रद्धा!" असं मोठ्यानं म्हणाले आणि घरी येऊन तीनदा हात धुतले.

मग तो शनिवार आला.

शनिवारी सकाळची शाळा. सुटली की मी घराजवळ पोचेपर्यंत सूर्य डोक्यावर यायचा. एरवी मी रस्त्यानं वळसा घालून यायचे. त्या दिवशी दसऱ्याला महिना राहिलेला, जीव टांगणीला लागलेला. म्हटलं, भर उन्हात एकदा बघू तरी, एखादी माशी येते का. छत्री मिटली आणि पडीत शिरले.

वारा पडला होता. माझी सावली पायाखाली गोळा झाली होती. कंबरेएवढे तुरे उभे होते, त्यातला एकही हलत नव्हता. कावळासुद्धा ओरडत नव्हता. चौथऱ्यापासून दहा पावलांवर मी थबकले, कारण मला घोरणं ऐकू आलं.

घोरणंच. खर्जातलं, एका लयीतलं, न तुटणारं. मला वाटलं, गावातली पिठाची गिरणी असेल. गावाकडे कान केला तर तिकडून काहीच नाही. पुन्हा वळले तर आवाज चौथऱ्यातून. पुढे गेले (का गेले, देव जाणे!) आणि दगडावर तळहात ठेवला. दगड आतून थरथरत होता.

"आजोबा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

घोरणं चालूच. मी छत्रीच्या टोकानं दगडावर टकटक केलं. आतून आवाज एकदम चढला, "हुश्श्श!" आणि पुन्हा खाली आला. झोपेत कूस बदलणाऱ्या माणसानं चिडून सोडलेला सुस्काराच तो!

मी पळाले. छत्री तिथं, चपला तिथं, वह्यांची पिशवी तिथं! निवडुंगातून आरपार गेले, आत्याबाईंच्या पुढ्यात जाऊन बसले आणि घटाघटा तांब्याभर पाणी प्यायले.

आता तुम्ही विचाराल, विज्ञानाच्या बाई, तो कसला आवाज हे तुम्हाला ओळखू नये? अहो, मी माश्यांची वाट फुलांवर बघत होते, आजेसासऱ्यांच्या पोटात नव्हे!

रविवारी पहाटे आत्याबाईंनी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर माझ्या चपला. जोडीनं, टाचा जुळवलेल्या, चवडे किंचित फाकवलेले. एकदम सावधान! छत्री शेजारी उभी, भिंतीला टेकवलेली. पिशवी मधोमध. मी हौसाबाईला विचारलं. ती म्हणाली, "मी? मरंन पर तिकडं जानार न्हाई!" आत्याबाईंनी तर चपलांना हात जोडले. त्या कोणी आणून ठेवल्या, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही, आणि मी फार शोधही घेतला नाही.

पुढच्या शनिवारी मी लांबच्या रस्त्यानं आले, तरी कान तिकडेच. निवडुंगाअलीकडे ऐकू येत होतं. आता आवाज पहिल्यापेक्षा भरदार होता. आत्याबाई आणि मी गोठ्याच्या आडोशाला एकमेकींचा हात धरून उभ्या राहिलो. तीन वर्षांत आम्ही एकमेकींना इतक्या घट्ट कधी धरलं नव्हतं.

"लय बेस झोप लागलीया," त्या पुटपुटल्या. "आन् तू छत्री मारलीस!"

"चुकून, आत्याबाई."

"आता?"

आणि मग, वाचकहो, ते वाक्य मी म्हटलं. मी, वनस्पतिशास्त्राची पदवीधर! "आत्याबाई, देवऋषी तात्यांना बोलवा."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना सून मिळाली ती त्या क्षणी.

तात्या म्हणजे पंचक्रोशीतला देवऋषी. भुतं काढणं, उतारे करणं हा त्यांचा धंदा. हाडकुळा माणूस, पण आवाज मात्र भला दांडगा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "शनवारी बाराच्या ठोक्याला. तवाच सापडनार. धुरी द्यायची."

शनिवारी निम्मं गाव निवडुंगापलीकडे उभं. आत रिंगणात फक्त तात्या, आत्याबाई आणि धुरीचं घमेलं धरलेली मी. घमेल्यात शेणीचा विस्तव, कडुनिंबाचा पाला, ऊद, आणि वर मूठभर लाल मिरच्या. हौसाबाई कुंपणाच्या भगदाडात बसलेली, म्हणजे आत काय चाललंय ते दिसावं आणि पळताही यावं. तिथं आमच्या भोपळ्याच्या वेलानं गोठा ओलांडून निवडुंगावर मुसंडी मारली होती. बाधेच्या भीतीनं महिनाभर तिकडे कोणी फिरकलं नव्हतं.

बारा वाजले. घोरणं सुरूच होतं. तात्यांनी चौथऱ्याला तीन फेऱ्या घातल्या.

"कोन हाईस?"

आतून नुसतं गुं गुं.

"सुभेदार हाईस का? व्हय म्हन न्हाई तर न्हाई म्हन!"

गुं गुं.

"व्हय म्हनलं," तात्यांनी जाहीर केलं. कुंपणापलीकडे माणसं माना खाली घालून नमस्कार करू लागली. "सुनंनं छत्री मारली म्हून राग हाय का?"

त्यांनी चिमट्यानं दगड ठोकला आणि आतून "हुश्श्श!" निघालं. "आजोबा, चुकले मी," मी खरोखर म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी होतं, ते मिरच्यांचं नव्हतं.

"मागं बीळ हाय बग," तात्या म्हणाले. "तितं धर घमेलं. फूक!"

चौथऱ्याच्या मागच्या अंगाला, गवतात, मूठभर भोक होतं. मी वाकले. जीव एकवटून फुंकर घातली. धुराचा लोट आत गेला आणि घोरणं थांबलं.

इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नाही.

आणि मग सुभेदार बाहेर आले. काळे, पिवळे, हजारोंनी!

तात्या पहिल्या क्षणाला होते, दुसऱ्या क्षणाला नव्हते. धोतराचा सोगा हातात घेऊन ते बाजरीतून असे गेले की थेट ओढ्यातच दिसले. गाव चौफेर उधळलं. आत्याबाई मात्र पदर डोक्यावरून ओढून जागच्या जागी मांडी घालून बसल्या; त्यांना एकही डंख नाही. माझा डावा डोळा गेला, वरचा ओठ गेला, दोन्ही कान गेले. उघड्या उरलेल्या उजव्या डोळ्यानं मी बघितलं तर माझ्या मनगटावर एक बसलेली. इवलीशी. तिच्या मागच्या पायांवर पिवळे गोळे होते.

परागकण!

ज्यांची वाट बघत मी तीन महिने तण जोपासलं, गूळपाणी मांडलं, नोकरी पणाला लावली, त्या माझ्याच माश्या! आल्या होत्या, घर करून राहिल्या होत्या, दुपारच्या उकाड्यात पंख हलवून पोळं गार ठेवत होत्या (दहावीच्या मुलांना मी हे शिकवते हो!), आणि मी त्यांना मिरचीची धुरी दिली होती! मी तिथंच बसून रडायला लागले. सगळं पोळं उठलं, आभाळात एक काळा पुंजका झाला आणि ओढ्यापलीकडे गेला.

तेवढ्यात भगदाडातून किंकाळी आली. माश्यांना भिऊन हौसाबाई भोपळ्याच्या पानांखाली शिरली होती.

"मुंडकं! आगं आयायाय, मुंडकं हाय हितं! गारगार लागतंय!"

आम्ही धावलो. आत्याबाईंनी पानं बाजूला केली. हौसाबाईच्या कानाला लागून एक भोपळा होता. चांगला घागरीएवढा! त्याच्यापलीकडे दुसरा, निवडुंगात अडकलेला तिसरा, आणि पुढे लहान-मोठे किती तरी! आत्याबाईंनी पहिल्यावरून पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा हात फिरवला आणि त्या रडायला लागल्या. मीही रडत होते, पण माझा चेहरा असा सुजला होता की ते कोणाला कळलं नाही.

हळूहळू गाव परत गोळा झालं. आत्याबाई डोळे पुसून उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे वळल्या.

"विमल, तू शिकलेली हाईस. आता खरं सांग. ह्ये सुभेदार हुतं का नुसत्या माश्या?"

मी सांगण्यासाठी तोंड उघडलं. ओठ सुजलेला, उघडायला वेळ लागला. तेवढ्यात त्याच पुढे बोलल्या.

"माश्या असत्या तर तुला कळलं नसतं व्हय? शायन्स शिकीवतीस न्हवं? माशी वळकंना आन् तिच्यापायी देवऋषी आनती, असली मास्तरीण शाळा ठिवून घील का?"

सगळं गाव माझ्या एका डोळ्याकडे बघत होतं. मी शास्त्र आठवलं, सत्य आठवलं, आणि मग ते "नमस्ते बाई" आठवलं.

"सुभेदारच होते, आत्याबाई," मी म्हणाले. आणि सोमवारी, तोच सुजलेला चेहरा घेऊन, विज्ञान शिकवायला वेळेवर हजर झाले.